मीठ चढलंय

थर्माकोलच्या खोक्यात, तमिळ पेपरात गुंडाळून,
चेन्नईहून रेल्वे पार्सलनं आलं पोवळं.
पिशवीत दोन पेले समुद्र
आणि तळाशी सात बंद तोंडं.
पार्सल ऑफिसातला म्हणाला, मासा दिसत नाही ओ आत,
फसवलं का काय?

रेणुकाला वाटलं होतं, अंगठीतलं असेल.

आमच्याकडं नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं,
रात्री अडीचला, कधी पावणेचारला.
फिल्टरमधून एक हंडा निघतो, तीन हंडे बाहेर जातात.
त्या तिनांत रेणुका फरशी पुसते, धुणं भिजवते
आणि एक शब्द बोलत नाही.
ते न बोलणं मला ऐकू येतं.
उरलेल्या एका हंड्यात मी मीठ ओततो.
समोरच्या चिलवेरी काकू दारातून बघतात:
सगळं गाव गोड्या पाण्याच्या मागं
आणि हा घरात बसून खारट करतोय.

पिशवी वीस मिनिटं तरंगत ठेवली.
मग सलाइनच्या नळीला गाठ मारून
थेंब थेंब माझं पाणी त्याच्या पाण्यात.
घाई केली तर मरतं, असं सांगितलं होतं.
दीड तास गाठ धरून बसलो.
एकदम उजेड नको म्हणून दिव्याच्या काचेवर टॉवेल,
आमच्याच कारखान्याचा, काठ चुकलेला, सेकंडमधला.

पहिला दिवस, बंद.
दुसरा, बंद.
तिसऱ्या दिवशी मी त्याला डावीकडं सरकवलं,
चौथ्या दिवशी उजवीकडं, प्रवाह कमी केला,
वाढवला, पुन्हा सरकवलं.
मागून नायना म्हणाले, हात काढ.

नायना चाळीस वर्षं रंगखात्यात होते.
समुद्र पाहिला नाही त्यांनी. मीठ पाहिलंय,
गोण्यांनी.
मीठ पडल्याशिवाय रंग सुताला धरत नाही, म्हणाले,
पण सारखं उचलून बघायचं नाही,
धरला का, धरला का.

मे महिना. त्रेचाळीस.
दुपारी दीडला लाइट गेली.
रेणुका म्हणते, पंप थांबला
आणि घर एकदम ऐकू आलं.
मला फोन: या लवकर, पण घाबरू नका.

आलो तर नायना स्टुलावर,
उघडे, घामानं निथळत,
तोच टॉवेल घेऊन पाण्यावर वारा घालतायत.
रुपयाएवढ्या सात तोंडांना.
स्वतःकडं एकदाही वळवला नाही.
मधेच बोट बुडवायचे, जिभेला लावायचे.
मीठ चढलंय, म्हणाले.
वाऱ्यानं पाणी उडतं, मीठ उडत नाही.
मी काटा बुडवून पाहिला.
चढलं होतं.
रेणुकानं पिण्याच्या पाण्यातला तांब्या आणला,
हळूहळू ओतला,
नळाला अजून दोन दिवस होते.

लाइट साडेपाचला आली.

परवा रात्री तीनला पाणी आलं.
पाइप हातात, डोळ्यांवर झोप,
जाता जाता नजर गेली काचेकडं.
सातांतल्या दोघांनी
हिरवट बोटं बाहेर काढली होती,
वारा लागतोय का बघावं तशी.
नायनांना हाक मारणार होतो.
मग म्हटलं, राहू दे.

पाच अजून बंद आहेत.
हंडा भरून वाहायला लागलाय,
दुसरा लावतो.