वदुलु

माझं पहिलं पॅड रबराचं.
मे महिन्यात टायरच्या दुकानासारखा वास मारायचं.
चामडं कसं, काठी पडली की झेलतं
आणि हातात परत ठेवतं : घे, पुढचा मार.
रबर नुसता दणका परत करायचं,
तोही मनगटात, सव्याज.

अठरा लग्नसराया. गड्ड्यातले ऑर्केस्ट्रे.
साखर पेठेतले डॉक्टर म्हणाले, महिनाभर काठी धरू नका.
मी म्हटलं, संध्याकाळी हळद आहे.

आवाज होते त्यात, नाही म्हणत नाही.
ढोल, काँगो, काच फुटल्याचा, घोड्याच्या टापांचा.
पण हळू मारलं तर त्याला ऐकूच यायचं नाही
आणि कितीही जोरात मारा, जोर ठरलेला.
मधलं काही नाही.
मधल्यातच तर माणूस वाजवतो.

मग पुण्यात एका दुकानात जाळीचं पॅड दिसलं.
काठी टेकवली. जाळीनं ती परत दिली.
किंमत ऐकून मीही परत दिली.
निघताना मात्र वाकून, चष्मा वर करून पाहिलं :
उभा धागा, आडवा धागा.
अरे, हे तर कापड!
आणि मी सोलापूरचा, कापड बघायला पुण्याला आलेला.

मल्लेशम कोंगारी. अक्कलकोट रोडला
टॉवेलच्या मागांवर एकतीस वर्षं जॉबर.
कारखाना बंद, कान त्याच्याही आधी बंद.
एक माग तेवढा घरी आणून ठेवलाय, पत्र्याखाली.
ढोलाला कापड?
त्यानं मला पाटीवर दोनदा लिहायला लावलं.

पहिली जाळी सुती. दोन गाण्यांत फाटली.
दुसरी नायलॉनची, काठी तिच्यात जाऊन झोपायची.
तिसऱ्या वेळी दोन पदर एकमेकांवर तिरके,
पिठाच्या चाळणीचं कडं, आठ स्क्रू,
खाली फोमचा शंकू, शंकूखाली
वाढदिवसाच्या गाणाऱ्या कार्डातली पितळी चकती.
ऐकते ती चकतीच.

एका टोल्याला दोन आवाज यायचे.
डावीकडं मारलं की उजवीकडचं चुगली करायचं.
पंधरा दिवस मी आकडे वरखाली करत राहिलो.
तो आकड्यांकडं बघेचना. बोटाची उलटी बाजू
जाळीवरून फिरवायचा, मागावरचं सूत तपासावं तशी,
आणि म्हणायचा, वदुलु.
सैल. त्यांच्या घरातला शब्द.
स्क्रूला पाव आटा. पुन्हा बोट. वदुलु.
शेवटी मलाही स्वप्नात वदुलु.

एका दुपारी म्हणाला नाही.
स्टँडला तळहात लावून बसला.
वाजव बे, दस्तगीर.

काठीच्या टोकानं सुरू केलं, कुजबुजीएवढं,
जे यंत्रानं आजवर कधी हिशेबात धरलं नव्हतं.
आलं.
मग वाढवत नेलं. मनगट सवयीनं
दणक्याची वाट बघत होतं.
दणका नाही. काठी जिथं जाते तिथून येते,
न बोलावता, वेळेवर.
डोळे कधी मिटले कळलं नाही.

ओ, लाइट गेलीय की!
चहाची किटली घेऊन पोरगा दारात.
पंखा थांबलेला. स्पीकर मेलेला.
कधी गेली रे?
मी कोपऱ्यावर होतो तेव्हाच.
चार-पाच मिनिटं झाली असतील.

मल्लेशमनं आमची तोंडं पाहिली. पोरानं पंख्याकडं बोट दाखवलं.
तो हसला नाही, नवलही केलं नाही.
जाळीवरून पुन्हा बोट फिरवलं
आणि एका स्क्रूला केसभर दिलं.

झांज अजून रबराचीच आहे. तिचं बघू.
शनिवारी कुंभारीला साखरपुडा,
जनरेटर आहे का विचारायचं राहिलंय.