बर्फाचा पत्ता

हीउमा बेटावर, पाण्याकडे तोंड करून असलेल्या घरात
विर्वे बर्फाची टिपणं लिहिते. सदतीस हिवाळे झाले.
कधी धरला, किती बोटं जाड, कुठे तडकला,
कोणाची गाडी चाकापर्यंत आत गेली.
आता ती इंटरनेटवर सगळ्यांना खुली करायची
तर प्रत्येक टिपणाला पत्ता हवा,
आणि पत्ता एकदा दिला की परत मागता येत नाही,
दिलेल्या शब्दासारखा.

भाचा तावेत म्हणाला, सोपं आहे,
शीर्षक तोच पत्ता. वाचताच कळेल.
तिने तसं केलं: ‘खाडी गोठली’.
मार्चमध्ये लक्षात आलं, ती खाडी नव्हतीच, सामुद्रधुनी होती.
शीर्षक सुधारलं, त्याबरोबर पत्ताही,
आणि फिनलंडमधल्या एका शाळेत
भिंतीवर लावलेला जुना पत्ता
रातोरात भिंतीवर रंगवलेलं दार झाला.

मग ती टेबलाशी बसली काळ्या पावाची कड चावत
आणि पत्त्यातून एकेक सामान बाहेर काढू लागली.
शाळेचं नाव? शाळा बंद पडली,
तिथे आता सायकली भाड्याने मिळतात.
नवऱ्याचं आडनाव? तो तार्तूला गेला,
जाताना चांगली कुऱ्हाड आणि आडनाव दोन्ही घेऊन.
विषय घालावा, तर हंस बर्फात अडकल्याचं टिपण
पक्ष्यांचं की बर्फाचं, हे हंसांना विचारायला हवं.
आणि एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री धरलेला बर्फ
कुठल्या सालचा, ते कोण सांगणार?

उरला एक आकडा. चारशे सतरा.
काहीच सांगत नाही,
म्हणून कधी खोटा पडत नाही.
तावेत खूष. विर्वे नाही.
‘हा तर कैद्याचा नंबर झाला.’

वरच्या खोलीची भाडेकरू म्हणून मी नुसती ऐकत होते.
बोलला तो एंडेल, चाळीस वर्षं टपाल वाटलेला,
डाव्या कानाने बहिरा:
लोक पाकिटावर लिहायचे, ‘निळ्या होडीचं घर’.
होडी हिरवी झाली, मग कुजली, मग चुलीत गेली.
पत्र पोचायचंच.
मी होडी कुठे बघत होतो? मला घर ठाऊक होतं.
होडी लिहिणाऱ्यासाठी होती.

त्या रात्री ठरलं. आधी आकडा, मागून नाव.
नाव माणसाच्या डोळ्यांसाठी: दोन-तीन शब्द,
फोनवर एंडेलच्या उजव्या कानात मावतील एवढे.
ते जुनं असो, चुकीचं असो, अर्धं पुसलेलं असो,
दार बघणार फक्त आकडा
आणि न रागावता आजच्या नावापाशी नेऊन सोडणार.

फेब्रुवारीत समुद्रावरून गाड्यांचा रस्ता सुरू झाला.
कडेला जुनिपरच्या फांद्या रोवलेल्या,
गेल्या खेपेला होत्या जवळजवळ त्याच रेषेत.
विर्वे म्हणाली, मे महिन्यात इथे यायला होडी लागते.
रस्ता दरवर्षी बुडतो.
जायचं कुठे, ते बुडत नाही.

एक भांडण तेवढं राहिलं होतं.
पत्त्यात अक्षरांवरची टिंबं नकोत, तावेत म्हणत होता,
परदेशी कळफलकावर ती सापडत नाहीत.
तिच्या भाषेत बर्फ म्हणजे यॅ, जरा लांबवलेला.
आणि यॅ म्हणजेच ‘राहा, जाऊ नकोस’.
दोन टिंबं उतरवली की उरतं नुसतं या,
त्याचा अर्थ ‘हो’.
ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली.
‘चालेल,’ म्हणाली, ‘इतकी वर्षं त्याला राहा म्हणते आहे,
एकदाचा हो म्हणू दे.’

मी वर जाऊन वहीत तो पत्ता माझ्या लिपीत उतरवला.
आकडा, आडवी रेघ, मग शब्द.
अर्धचंद्र काढून काना दिला
आणि अक्षर तिथल्या तिथे मराठी झालं.
बाहेर उणे अकरा.
समोरच्या काठापर्यंत कोणी नाही,
आणि उंबऱ्यात उभं राहून कोणीतरी म्हणावं तसं
कागदावर: या.