शून्य ते दहा

ओउलूच्या इस्पितळात, तळघरातल्या खोलीत
तौनो बसलाय, वय एकाहत्तर.
डोक्याला तारांची टोपी,
केसांत जेलचा गारवा.

लेझरचा ठिपका मनगटावर.
"किती? शून्य ते दहा."
"दोन."
पडद्यावरची रेघ मात्र
टकमक कड्यासारखी तुटलेली.

पुन्हा ठिपका. "दोन."
मार्युत निमूट लिहून घेते: दोन.
लाकूडगिरणीत करवतीनं बोट नेलं
तेव्हाही डॉक्टरला एवढंच म्हणाला होता.

मग मऊ ब्रश, कोपरापासून खाली,
सेकंदाला तीन सेंटिमीटर,
जसं कुणी झोपलेल्याची बाही सारखी करावी.
रेघ जेमतेम हलते.
"किती?"

तौनो भिंतीकडे बघतो.
आईनोला जाऊन नऊ हिवाळे.
"कळलं नाही नीट," तो म्हणतो.
"परत करा."