अकरा तास

कोरियाहून आलेला एक शोधनिबंध
तपासायला माझ्याकडे आहे.
पान चार, कार्यपद्धती:
लिपिडचा थर पाण्यात भिजवला
आणि मगदूम पद्धतीनुसार अकरा तास न हलवता ठेवला.
समासात दुसऱ्या परीक्षकाचा प्रश्न –
अकराच का?

मला माहीत आहे अकराच का.

विश्रामबागेतल्या त्या प्रयोगशाळेला एकच कुलूप होतं,
किल्ली दस्तगीर मुलाणींच्या करदोट्याला.
आठाला दार लागायचं, साताला उघडायचं.
मधे पंखा नाही, पाऊल नाही.
टेबलावर गोल बुडाचा चंबू,
तळाशी दोन बोटं दुधट पाणी
आणि त्यात, मोजायला बसू नये इतके रेणू,
शेपट्यांना शेपट्या भिडवून
डोकी तेवढी पाण्याकडे केलेले.
दोन पदरांची एक घडी. पेशीचं अंगच ते.

पद्मिनी मगदूम खडू खाली ठेवून सांगायच्या,
‘भिंत म्हणू नका याला. गाळणं म्हणा.’
त्यांची आई कृष्णेचं पाणी आणायची,
घागरीच्या तोंडाला दुहेरी फडकं,
आणि गाळून झालं की फडकं उलटं धरून
त्यावर गाळलेलंच पाणी ओतायची
आणि ते सगळं पुन्हा घाटावर नेऊन सोडायची.
जे अडकलं तेही जितंच आहे,
त्याला त्याच्या पाण्यात पोचवायला नको?
हे मॅडमनी कुठल्या निबंधात लिहिलं नाही.
वडील हळदीच्या अडतीवर दिवाणजी. हरिपूरची पेवं
त्यांच्या वहीत नंबरानं मांडलेली.
पेव फोडलं की लगेच उतरायचं नाही,
आधी कंदील सोडायचा, जळतो का बघायचं.
आलेखाची पहिली प्रत हातात आली की
मॅडम म्हणत, ‘थांब. कंदील सोड आधी.’
बोटांची पेरं कायम पिवळी. रविवारीसुद्धा.

सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली
त्या पटलावर बेटं दिसायची.
रात्री आठाला सगळं सपाट, एकसारखं,
साताला बेटं, आणि हळदीतलं ते पिवळं
बेटांच्या नेमकं काठाकाठानं बसलेलं.
कुणी बसवलं?
आम्ही तर घरी भाकरी खाऊन झोपलो होतो.

पुढे स्वीडनमध्ये कुणी तीन तासांवर उघडून पाहिलं,
काहीच नव्हतं. पुण्यात नऊ तासांवर
अर्धीमुर्धी, काठ न धरलेली.
एकानं अकरा या आकड्यावर
दोन पानी समीकरण मांडलं, बऱ्यापैकी जुळतंही ते.
दुसऱ्या एका प्रबंधात आख्खं प्रकरण.
मॅडमनी तो चाळला, चष्मा पुसला,
‘मुलाणींचा पगार कुणी वाढवला नाही पण,’ म्हणाल्या.

पहिल्या निबंधाच्या शेवटी, ऋणनिर्देशात,
द. बा. मुलाणी, वेळांबद्दल,
एवढीच ओळ आहे.
त्या ओळीमुळे एकदा जर्मनीहून पत्र आलं,
पाकिटावर डॉक्टर मुलाणी.
चाचांनी ते महिनाभर खिशात वागवलं,
मग टोपीत. मग दिसलं नाही.

आता माझ्या इमारतीला कार्डाचं दार आहे,
रात्री दोनालाही हिरवा दिवा लागतो, आत जाता येतं.
मुलं जातात. तासातासाला चंबू उचलून उजेडात धरतात.
मी रागावत नाही, पण
आठ वाजले की माझ्या टेबलावरचा दिवा
हात आपोआप बंद करतो.

समासातल्या प्रश्नाखाली मी काय लिहू?
कुलूप होतं, हे कारण होईल का?
उद्या कुणी लिहील की पद्धतच अपघाती,
आणि तेही खोटं नाही.
कर्सर लुकलुकतो आहे मघापासून.

मला ती सकाळच आठवते आहे,
चाचा किल्ली काढायचे, आणि कुलपाला लावण्याआधी
दारावर दोनदा टकटक.
रोज. रिकाम्या खोलीच्या दारावर.
मी एकदा विचारलं, आत कोण हाय चाचा?
किल्ली फिरवत म्हणाले,
‘आसतंय की कोणतरी.’