चौदा डॉलर

भाडेकराराच्या एकोणिसाव्या कलमात लिहिलं होतं :
भाडेकरूने आपल्या चीजवस्तूंचा विमा उतरवणे इष्ट.
इष्ट म्हणजे किती, मी घरमालकाला विचारलं.
तो म्हणाला, भिंती माझ्या. आतलं तुमचं तुम्ही बघा.

वूस्टरमधलं तीन मजली लाकडी घर.
मधे मी. वर ब्रोनियस,
तारेच्या कारखान्यात अडतीस वर्षं काढलेला,
बोटं अजून काहीतरी वळत असल्यासारखी.

मी महिन्याला चौदा डॉलर भरत आले.
रात्रपाळीत परक्या म्हाताऱ्यांना कुशीवर वळवते,
त्यातला पाऊण तास विम्याचा.
जिन्यात एकदा त्यालाही सांगितलं, तू पण घे.
हसला. माझ्याकडे रेडिओ आणि कोट.
मांजर आहे, पण ते येतं-जातं.
चोर आलाच तर जिना चढल्याची मजुरी
मलाच द्यावी लागेल त्याला.

मला पटलं. कुणालाही पटलं असतं.
आपलं जाईल ही भीती मला ठाऊक होती.
आपल्या हातून दुसऱ्याचं जाईल
याचाही हप्ता असतो, हे फेब्रुवारीत कळलं.

त्या रात्री थंडी अशी की दाराची कडी बोटाला चिकटावी.
पाईप गोठू नयेत म्हणून नळ बारीक सोडून ठेवा,
मालकानंच कागद लावला होता दारोदार.
सगळ्यांनी सोडले.
ब्रोनियसच्या सिंकमध्ये
बटाट्याची एक साल जाळीवर आडवी बसली.

सकाळी सातला मी दार उघडलं
तर छत माझ्या पलंगावर झोपलेलं,
भिजल्या पावासारखं.

फॉर्मवर तीन रकाने : वस्तू, खरेदीचं साल, किंमत.
गादी लिहिली. शिलाई मशीन लिहिलं.
भावाच्या मयतीला साऱ्या घरानं
एकाच थानातून शिवलेलं लाल-काळं कापड,
त्याचं साल? तो गेला ते टाकलं.
घसारा वजा जाता कापडाचे अकरा डॉलर आले.
खोटं कशाला बोलू,
चेक हातात पडला तेव्हा
स्वयंपाकघरात एकटीच नाचले मी.

एप्रिलमध्ये ब्रोनियस पत्र घेऊन खाली आला.
चष्मा सापडत नाही, म्हणाला, वाचून दाखव.
चष्मा त्याच्या खिशातून डोकावत होता.

"आमच्या विमाधारक श्रीमती ओफोरी यांना
आपल्या निष्काळजीपणापोटी अदा केलेली रक्कम..."
माझंच नाव माझ्या तोंडात अडकलं.
कोण ही बाई?
मी मागितलं होतं पाण्याकडे,
कंपनी मागत होती याच्याकडे,
आणि मधे कुठेतरी, चाळिसाव्या पानावर,
माझी सही होती. न वाचता केलेली. छान वळणदार.

तो चिडला नाही.
पत्राची घडी घातली, पुन्हा उलगडली.
मग म्हणाला,
गादी चांगली आहे का?
हो, म्हटलं.
मग ठीक.

कंपनीतल्या मुलीनं फोनवर विचारलं,
त्यांचा नळ चालू होता का?
होता. माझाही होता, म्हटलं.
मालकाचा तो कागद मी फेकला नव्हता,
का, ते मला तोवर ठाऊक नव्हतं.
फोटो काढून पाठवला.
अजून उत्तर नाही. फाईल बघताहेत म्हणे.

तळमजल्यावर नवं जोडपं आलंय, ब्राझीलचं.
बाळ कडेवर घेऊन जुसारा विचारते,
ते विम्याचं घ्यावं का हो? महिन्याचे चौदा कशाला?
घे, म्हणते मी. लगेच.
पानं मात्र वाच, म्हणते,
आणि पुढचं तिला नीट सांगता येत नाही.

ब्रोनियस कंपनीला काही देणार नाही म्हणतो.
दर रविवारी माझ्या दाराखालून दहाची नोट सरकवतो.
सोमवारी ती मी त्याच्या कोटाच्या खिशात घालते,
कोट जिन्याच्या खुंटीवर असतो.
नोटेचा एक कोपरा फाटलाय, त्यावरून ओळखते.
तीच आहे. अजून तीच.