घरयादी

माझ्या वाट्याला आला तो गट गावाच्या मागच्या अंगाचा.
ग्रामपंचायतीनं नकाशा दिला, पेन्सिलीचा:
ओढा, ओढ्याकाठी म्हसोबा,
पुढं मोकळ्या कागदावर नुसतं 'ऊस' लिहिलेलं.
उसाच्या जागी मला बेचाळीस रो-बंगले लागले,
सगळे एकाच बदामी रंगाचे,
आणि गेटावरचा रखवालदार म्हणाला,
बाई, आधी चपलांचा चिखल काढा.

गेरूचा डबा, ब्रश, फॉर्मांचा गठ्ठा.
दाराशेजारी आकडा घालायचा, मग कडी वाजवायची.
प्रशिक्षणात साहेबांनी तीनदा बजावलेलं:
भिंतींवर जाऊ नका,
एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब.

तवनाप्पा मगदुमांच्या सोप्यात मी चूल विचारली.
कुठली, म्हणाले.
एकच स्लॅब. खाली थोरला, वर धाकटा,
जिन्याच्या दाराला दोन्हीकडून कडी,
दोन मीटर, दोन शेगड्या.
मी दोन फॉर्म काढले.
आणि तुम्ही, आण्णा?
सोमवार ते बुधवार खाली.
मग त्यांनी जिन्याकडं मान केली.
आणि रविवारी?
रविवारी बस्तीत असतंय कुणाचं तरी जेवण.
रविवारसाठी माझ्याकडं रकाना नव्हता.

बंगल्यांना एकोणतीस कुलपं.
मालक हिंजवडीला, मालक दुबईला,
एकाचं नाव पाटीवर नुसतं 'आई-बाबांचे आशीर्वाद'.
मी 'रिकामे' लिहीत चालले होते
तर प्रत्येक अंगणात तुळस हिरवीगार, बुडाशी ओल.
बकुळा कांबळे बादली घेऊन फिरत होती.
अकरा तुळशी माझ्याकडं, म्हणाली,
बंगल्यामागं महिन्याला दोनशे,
दिवाळीत पणतीचे वेगळे.
तिचं घर ओढ्यापलीकडं, दुसऱ्या गटात.
दोन खोल्यांत सात माणसं.
तुमच्याकडं येईल तो गुरुजी वेगळा, मी सांगितलं.
तिनं विचारलं,
तेला सांगा की, अकरा घरांच्या किल्ल्या हायत म्हणून.

दस्तगीर मुल्लाणीचं गुऱ्हाळ तीन हंगाम बंद.
चुलवाणात राख नाही, कुणीतरी सायकली उभ्या केल्यात.
काहिलीत उन्हाला ठेवलेली ब्लँकेटं.
पत्र्याखाली चौदा जण,
शिरोलीच्या फौंड्रीत पाळी, निजायला इथं.
स्टोव्ह एक, कुकर एक,
म्हणजे साहेबांच्या हिशेबानं कुटुंब एक.
प्रमुख कोण, विचारल्यावर हसाहस झाली,
मग ढकलत ढकलत पुढं आणला रघुवंश महतोला,
कारण कणीक तो मळतो.
बाकी तेराजणांचं त्याच्याशी नातं?
सगळे माझ्याकडं बघायला लागले.
मी तेरा वेळा 'अन्य' लिहिलं.
माझ्या गटातलं हे सगळ्यांत मोठं कुटुंब,
आणि भांडणाचा आवाज न येणारं बहुतेक एकच.
निघताना त्यांनी चहा दिला, गुळाचा.
गूळ मुल्लाणीनं दिलाय, भाड्याच्या वर.

मागच्या खेपेला मी वर होते, घाटाच्या तोंडाला.
तिथं आकडा घालून कडी वाजवली
की आवाज आतून फिरून माझ्याकडंच यायचा.
शेवटी पोलीसपाटीलच सोबत फिरले,
हे गेले गोव्याला, हे गेले,
म्हणत दार दाखवत,
आणि चार वाजता काम संपलं.
इथं दिवे लागले तरी
कुणी ना कुणी नवीनच निघत होतं:
पाण्याच्या टाकीखाली एक जोडपं,
पंपाच्या खोलीत कॉलेजातली दोन पोरं.

रंकाळा स्टँडला उतरून भाजी घेताना
वांग्यावर माझ्या बोटांचे गेरूचे ठसे उठले
आणि एकदम आठवलं,
गेटावरच्या पत्र्याच्या खोक्यात
खुर्चीखाली स्टोव्ह होता. वर उलटं घातलेलं ताट.
मी चपला पुसल्या, सही केली, आत गेले.
त्याला नावसुद्धा विचारलं नाही.

उद्या पहिल्या गाडीनं जायला हवं.
गेरू बोटभर उरलाय.
खोक्याला दार काही दिसलं नव्हतं,
आकडा कुठं घालू ते त्यालाच विचारीन,
चपला बाहेर काढून.