नमुना सतरा

चिंचोक्याची पूड, गाळलेलं पाणी, साखर.
दोन चकत्यांमध्ये मिलिमीटरभर जागा,
तेवढ्यात मावते माझी पीएचडी.

वरची चकती हलते.
हलते म्हणजे किती, तर डोळ्याला कळू नये इतकी,
इकडं जरा, तिकडं जरा,
द्रावणाला विचारत राहते, जमलं का रे,
अशा बेतानं
की विचारण्यानंच त्याचं जमत आलेलं मोडू नये.

पडद्यावर दोन रेघा.
एक, दिलं तेवढं परत करणारी.
दुसरी, दिलेलं सगळं ऊब करून विसरणारी.
सुरुवातीला विसरणारीच वर असते.
मग चाळीसएक मिनिटांनी खालची चढत येते,
दोघी एकमेकींना ओलांडतात,
आणि त्याच सुमाराला एक क्षण असा
की घाईनं विचारा, सावकाश विचारा,
उत्तर एकच.
धड पातळ नाही, धड घट्ट नाही.
मला तो क्षण तीनदा हवाय,
दशांश चिन्हापुढं दोन आकडे.

मायाप्पाकाका सीपीआरला डोळे दाखवायला आले होते.
थेंब घातल्यानं सगळं धुरकट,
एकट्यानं हुपरीची गाडी कशी धरणार,
म्हणून माझ्या लॅबात बसून राहिले.
पट्टणकोडोलीला चाळीस वर्षं
घोंगड्याच्या ताण्यावर हीच खळ कुंच्यानं ओढलेला माणूस.
बाहेर मोर ओरडला. एकोणचाळिसावं मिनिट.
काकांना वास आला.
"चिंचुकं शिजवलीस व्हय गं?"

मी नको म्हणायच्या आत
चकतीच्या कडेला आलेल्या थेंबावर त्यांचं बोट.
बोट अंगठ्याला. अंगठा हळूहळू दूर.
मध्ये एक तार,
त्यांना न दिसणारी,
आणि ती तुटायची वाट बघत आम्ही दोघं.

"कच्ची हाय अजून. दम धर."

आलेखात तिथं सुळका.
वहीत लिहिलं: नमुना सतरा, बाद.
यंत्र मात्र बंद केलं नाही.
त्रेचाळीस मिनिटं वीस सेकंदांनी रेघा ओलांडल्या.
ती नोंद धरता येत नाही.

थांब्यावर त्यांना गाडीत बसवताना दिसलं,
बोट धोतराला पुसलेलं,
तेवढं कापड कडक,
टिचकी मारली तर वाजेल असं.

सोमवारी सरांनी विचारलं, हा सुळका कसला?
लाइट गेली होती, म्हटलं.
मग यूपीएसची तक्रार टाका, म्हणाले.

टाकली.